क, ख आणि झेड : धंद्यात नव्याने पडणाऱ्यांसाठी कोर्टाच्या तीन पायऱ्या

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे सांगतात. चढायची वेळ आलीच तर कोणती चढावी, हे मात्र कुणी सांगत नाही. धंदा करणारा प्रत्येक जण शहाणा असतोच असं नाही, आणि बीबीए-बीएमएसच्या वर्गाने 'बिझनेस लॉ'चा पेपर आदल्या रात्री प्रश्नसंचावर काढलेला असतो. ही पुस्तिका त्या रात्रीनंतरच्या आयुष्यासाठी आहे.

लागणारं साहित्य : पाचशे रुपयांचा बॉण्ड एक (ऑक्टोबर २०२४ पर्यंत शंभराचा चालत असे, भांडणं तेवढीच राहिली, कागद पाचपट महागला). न वाचता सही करणारे साक्षीदार दोन. आणि 'पोलिसांत आपली ओळख आहे' असं म्हणणारे काका एक. ही तिसरी वस्तू विकत आणावी लागत नाही.

आता पात्रपरिचय. करार कायदा १८७२ सालचा. त्यातल्या उदाहरणांत क आणि ख नावाचे दोन गृहस्थ दीडशे वर्षं एकमेकांशी व्यवहार करताहेत आणि अजून त्यांना शहाणपण आलेलं नाही. क आपला हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना द्यायला तयार होतो. (संमती मोकळ्या मनाने दिली असेल तर करार पक्का. मूर्खपणा ही करारातून सुटायची सबब नाही.) क जादूने गुप्तधन शोधून द्यायचं ख ला कबूल करतो. (रद्दबातल.) क सरकारी नोकरी लावून देतो म्हणतो आणि ख त्याबद्दल हजार रुपये कबूल करतो. (हेही रद्दबातल. आकडा सोडला तर या उदाहरणात जुनं काही नाही.) हे मी रचलेलं नाही, कलम २३, २५ आणि ५६ उघडून पाहा.

१८६०च्या दंड संहितेत ख मागे पडतो आणि इंग्रजी पाठात झेड येतो. झेडचं काम एकच, सोसणं. त्याची अंगठी टेबलावरून जाते, त्याच्या जमिनीतलं झाड तोडलं जातं, खोटे हिरे तारण ठेवून त्याच्याकडून कर्ज उकळलं जातं. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण झेडचे दिवस पालटले नाहीत.

या पुस्तिकेपुरते क म्हणजे तुम्ही. ख म्हणजे गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार. झेड यथावकाश येईल. धंदा उकडीच्या मोदकांचा.

पायरी पहिली : करार

खजिनदारांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला : 'अकराशे उकडीचे, चतुर्थीला सकाळी नऊ, तीस रुपये नग.' तुम्ही उत्तरादाखल अंगठा पाठवलात. अभिनंदन, तुम्ही तेहतीस हजारांचा करार केला आहे. बॉण्ड नाही, साक्षीदार नाहीत, कुणी सही केलेली नाही, तरी करार झाला. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल, सज्ञान आणि शुद्धीवर असलेली माणसं, मोकळी संमती, कायदेशीर हेतू, एवढं जमलं की करार उभा राहतो. काही व्यवहारांना लेखी कागद आणि नोंदणी लागते, जमिनीच्या खरेदीखतासारखी. मोदकांना लागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येत नाही. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका शेतकऱ्याने जवसाच्या कराराच्या फोटोवर असाच अंगठा पाठवला आणि माल दिला नाही. २०२३ साली कोर्टाने त्याला ब्याऐंशी हजारांवर डॉलर भरायला लावले. आपले आजोबा-पणजोबा अंगठा उठवताना निदान दहादा विचार करायचे.

मग बॉण्ड कशाला? मुद्रांक शुल्कासाठी आणि पुराव्यासाठी. ज्या दस्ताला शुल्क लागतं ते भरलेलं नसेल तर कोर्ट तो दस्त वाचत नाही. आधी शुल्क आणि दंड भरा म्हणतं. बॉण्डवर लिहिल्याने खोटं खरं होत नाही आणि बेकायदा कायदेशीर होत नाही. गुप्तधनाचा करार पाचशेच्या बॉण्डवर नोटरी करून आणलात तरी तो गुप्तधनाचाच राहतो.

आता माणसं जमवा. मावशी म्हणाली, 'मी येते मोदक वळायला.' चतुर्थीच्या पहाटे ती आली नाही. मावशीवर दावा लावता येईल का? नाही. तिला त्या बदल्यात काही मिळणार नव्हतं, म्हणजे प्रतिफल नाही. शिवाय घरगुती बोलण्यामागे कोर्टात जायचा इरादा नसतो, हे इंग्लंडमध्ये १९१९ साली बाल्फोर नवरा-बायकोच्या खटल्यात ठरून गेलंय. मग सतरा वर्षांच्या आतेभावाला रीतसर आगाऊ दोन हजार दिलेत. तो आणखी वाईट. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका सावकाराला सांगितलं की अज्ञान मुलाशी केलेला करार मुळातूनच शून्य आहे. गहाणखत गेलं आणि दिलेले पैसेही परत मिळाले नाहीत. सावकार वीस हजारांच्या व्यवहारात बुडाला, तुम्ही दोन हजारांत शिकलात.

जाहिरात करताना हात आखडता घ्या. 'चव आवडली नाही तर दुप्पट पैसे परत' असं स्टेटसला लावण्याआधी लंडनच्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीला आठवा. आमचं औषधी यंत्र सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर शंभर पौंड देऊ, आणि आम्ही गंमत करत नाही हे कळावं म्हणून बँकेत हजार पौंड ठेवलेत, अशी तिची १८९१ची जाहिरात होती. एका बाईंनी यंत्र वापरलं, तरी तापल्या, आणि त्यांनी पैसे मागितले. ती नुसती फुशारकी होती, असं कंपनीचे वकील म्हणाले. कोर्टाने बँकेतल्या हजार पौंडांकडे बोट दाखवलं.

आता करार मोडू या. मोदक नऊऐवजी दुपारी दोनला पोचले. नऊची आरती, नैवेद्याची वेळ, सगळं टळलेलं. इथे वेळ हाच कराराचा प्राण होता. खजिनदार माल नाकारू शकतात आणि भरपाई मागू शकतात. पण कलम ५५च्या तळाशी एक बारीक ओळ आहे, ती कितीतरी व्यापाऱ्यांना ठाऊक नसते : उशिरा आलेला माल घेताना, तेव्हाच, 'भरपाईचा हक्क राखून घेतोय' असं कळवलं नाही तर उशिराची भरपाई पुढे मागता येत नाही. म्हणून उशीर झालाच तर टेम्पोतून उतरताना नम्र राहा, कारण चिडलेला माणूस नोटीस देतो. आणि तुम्ही घेणारे असाल तर आधी मेसेज टाका, मग मोदक फोडा.

भरपाई किती? खजिनदार म्हणतात, नऊच्या आरतीला येणारे प्रायोजक नैवेद्याचं ताट रिकामं बघून परत गेले, दोन लाखांची देणगी बुडाली. इथे १८५४ची ग्लॉस्टरची गिरणी मदतीला येते. गिरणीचा दांडा मोडला, वाहतूकदाराने नवा बनवायला नेताना दिरंगाई केली, गिरणी बंद राहिली. कोर्टाने विचारलं : दांड्यावाचून गिरणी ठप्प आहे आणि दुसरा दांडा नाही, हे वाहतूकदाराला माहीत होतं का? आपल्या कलम ७३चा गाभा हाच. व्यवहारात सहज होणारं नुकसान द्यावं लागतं, आणि खास नुकसान होईल हे करार करताना दोघांना माहीत असेल तर तेही. प्रायोजकांचं नाव त्या मेसेजमध्ये नव्हतं. बॉण्डवर 'उशीर झाल्यास एक लाख दंड' लिहिलेलं असलं तरी कलम ७४ नुसार तो एक लाख ही कमाल मर्यादा. कोर्ट वाजवी तेवढंच देतं.

या पायरीवर एक गोष्ट ध्यानात आली असेल. इथे शिक्षा नाही. तुम्ही वाईट माणूस आहात का, हे इथे कुणी विचारत नाही. काय ठरलं होतं, काय केलंत, फरक किती, भरा. करार मोडणं हा गुन्हा नाही. हे वाक्य परीक्षेत सगळे लिहितात आणि उधारी थकली की सगळे विसरतात.

पायरी दुसरी : फौजदारी

विसरल्यावर काका आठवतात. 'सिव्हिलला गेलास तर नातू निकाल ऐकेल. चारशेवीस लावू, एका फोनमध्ये पैसे देतो बघ.' काकांच्या सल्ल्यामागे अर्थशास्त्र आहे, हे मान्य करायला हवं. महाराष्ट्रात दिवाणी दाव्याला रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी लागते, मोठ्या दाव्यात ती दहा लाखांपर्यंत जाते. पोलीस ठाण्यात तक्रारीला फी नाही. वसुलीचं काम सरकारी खर्चाने होत असेल तर कोण सोडेल? सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली इंडियन ऑइलच्या एका प्रकरणात या खोडीवर नेमकं बोट ठेवलं : दिवाणी मार्ग वेळखाऊ आहे अशा समजातून लोक निव्वळ दिवाणी वादांना फौजदारी रंग देतात. त्याला बरीच वर्षं झाली. काका अजून फोनवरच आहेत.

तक्रार घ्यायची नसली की पोलीस 'मॅटर सिव्हिल आहे' म्हणतात, अशी सार्वत्रिक तक्रार आहे. ती कित्येकदा खरीही असते. पण निम्म्या वेळा त्या इमारतीत दिवसभरात बोललेलं ते कायद्याला सगळ्यात धरून असलेलं वाक्य असतं. त्याचा पुरावा १८६०च्या संहितेतच आहे, फसवणुकीच्या कलमाखालच्या उदाहरणात. क झेडला अमुक इतकी नीळ देतो म्हणून सांगतो आणि आगाऊ पैसे घेतो. द्यायची नाही हे पैसे घेतानाच त्याच्या मनात असेल तर ती फसवणूक. घेताना द्यायचा इरादा होता, पुढे करार मोडला आणि नीळ दिली नाही, तर फसवणूक नाही. फक्त दिवाणी दावा. विलायती निळीचे मळे गेले, कारखाने गेले, पण रोज हजारो व्यापाऱ्यांचा प्रश्न त्या चार ओळींत सुटतो. वाचत मात्र कुणी नाही.

तर मोदकांना लावा. तुमचा गॅस संपला, मावशी आली नाही, उशीर झाला : करारभंग. तुमच्याकडे ना गॅस, ना तांदळाचं पीठ, ना मावशी, तरी तुम्ही सात मंडळांकडून दहा-दहा हजार आगाऊ घेतलेत आणि चतुर्थीला फोन बंद करून अलिबागला गेलात : फसवणूक, न्याय संहितेचं कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या ४२०चा आकडा बदलला. लोक अजून त्याच नावाने ओळखतात, आणि तुम्हालाही ओळखतील. मन उघडून बघता येत नाही, म्हणून कोर्ट वागणूक बघतं : पीठ विकत घेतलं होतं का, माणसं सांगितली होती का, फोन का बंद होता. यासाठीच पिठाच्या पावत्या जपा. बुडालेल्या प्रामाणिक माणसाला त्या पावत्या तुरुंगापासून लांब ठेवतात.

तक्रारीत फसवणूक आणि विश्वासघात ही दोन्ही कलमं शेजारी टाइप करायची रीत आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सांगितलं की एकाच हकिकतीवर दोन्ही बसत नाहीत. फसवणुकीत खोट सुरुवातीलाच असते. विश्वासघातात माल सचोटीने सोपवलेला असतो, नियत नंतर फिरते. वर्गणीची पेटी ज्यांच्याकडे सोपवलेली असते त्या खजिनदारांनी हा परिच्छेद कापून जवळ ठेवावा.

एक धोक्याची सूचना. फौजदारी खटल्याचं शीर्षक 'ख विरुद्ध क' असं नसतं. ते 'महाराष्ट्र शासन विरुद्ध तुम्ही' असं असतं. गुन्हा नोंदला की तक्रारदाराला वाटेल तेव्हा तो मागे घेता येत नाही. तडजोडीला कोर्टाची परवानगी लागते, नाहीतर उच्च न्यायालयात जावं लागतं. पैसे मिळाल्यावर 'आमचं मिटलं' म्हणत ठाण्यात जाणाऱ्या दोघांना हे तिथे कळतं. आणि शिक्षेसाठी वाजवी संशयापलीकडे पुरावा लागतो. दिवाणीत ज्याचं पारडं थोडं जड, तो जिंकतो. म्हणजे काकांनी वसुलीसाठी जी वाट निवडली तिच्यावर सिद्ध करायचं ओझं जास्त आहे.

अपवाद एकच, आणि तो संसदेनेच करून ठेवलाय : चेक. १९८८च्या दुरुस्तीने परक्राम्य संलेख अधिनियमात कलम १३८ आलं आणि देणं असताना दिलेला चेक पैशांअभावी परत येणं गुन्हा झालं. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे तारखा पाठ करा, त्या चुकल्या तर सगळं गेलं. चेक तीन महिन्यांत बँकेत टाका. परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्या. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस मिळतात. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. हा फौजदारी लांडग्याचं कातडं पांघरलेला दिवाणी मेंढा आहे, अशा अर्थाचं सर्वोच्च न्यायालयानेच २०२१ मध्ये म्हटलंय. माझ्या मते या मेंढ्यानेच काकांची सवय बिघडवली. चेकवर पैसे सुटतात हे बघून सगळ्याच उधारीवर लांडगा सोडायची चटक लागली.

पायरी तिसरी : अपकृत्य

हा भाग शिक्षक शेवटच्या तासाला घेतात आणि तो तास बहुधा होत नाही. कारण याचा एकच एक कायदा नाही, कलमं नाहीत, पाठ काय करायचं हा प्रश्न पडतो. सगळं निकालांमधून घडलेलं. पण तुमचा धंदा वाढला की सगळ्यात मोठी रक्कम याच दारातून बाहेर जाईल.

झेड आता आला. तो आरतीला उभा होता, प्रसादाचा मोदक त्याने खाल्ला आणि रात्री दवाखान्यात गेला. तुमचा करार खजिनदारांशी. झेडने तुम्हाला एक पैसा दिलेला नाही, तुमचं नावही त्याला ठाऊक नाही. मग देणं कसलं? ऑगस्ट १९२८ मध्ये स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात एका बाईंना मैत्रिणीने जिंजर बिअर पाजली. अर्धी प्यायल्यावर काळ्या बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असं त्यांचं म्हणणं. बाटलीचे पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे बाईंचा कुणाशीच करार नाही. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ठरवलं की वस्तू शेवटी ज्याच्या तोंडात जाणार आहे त्याची काळजी घेणं बनवणाऱ्याचं कर्तव्य आहे. प्रकरण नंतर आपसात मिटलं. बाटलीत गोगलगाय होती की नाही, हे कधीच सिद्ध झालं नाही. जगभरातला उत्पादकांचा कायदा त्या संशयित गोगलगाईवर उभा आहे. आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरणच आहे.

झेडला मात्र तिन्ही गोष्टी जोडून दाखवाव्या लागतात : तुमचा निष्काळजीपणा, त्याचं नुकसान, आणि एकामुळे दुसरं झालं ही साखळी. साखळीत वकील शिरतात.

सगळंच नुकसान मात्र भरून मागता येत नाही. शेजारच्या गाळ्यात कुणी पंचवीस रुपयांना मोदक विकू लागला आणि तुमचं गिऱ्हाईक गेलं तर? पुन्हा ग्लॉस्टर. १४१० साली तिथल्या शाळामास्तरांनी तक्रार केली की समोर दुसरी शाळा निघाली आणि आमची फी चाळीस पेन्सवरून बारावर आली. कोर्ट म्हणालं, तोटा खरा आहे, पण तुमचा कुठलाही हक्क मोडलेला नाही. सहाशे वर्षांपूर्वीची स्पर्धेची ही व्याख्या अजून पुरते. (एका गावाने कायद्याला दोन खटले दिले, गिरणीचा आणि शाळेचा, ग्लॉस्टरच्या लोकांना आपली कुळकायद्याची भांडणं फार आवडली असती.)

डिलिव्हरीला ठेवलेल्या पोराने वाटेत कुणाला उडवलं तर मालक म्हणून तुम्हीही जबाबदार. 'गाडी हळू चालवा' असा फलक लावल्याने सुटका नाही. लंडनच्या बस कंपनीने ड्रायव्हरांना शर्यत लावू नका असं लेखी बजावलं होतं. ड्रायव्हरने लावलीच, आणि १८६२ मध्ये कंपनीनेच भरपाई दिली, कारण तो कंपनीचंच काम करत होता, वाईट रीतीने का होईना. पोरगा गाडी घेऊन मैत्रिणीला फिरवायला गेला असेल तर गोष्ट बदलते. मोदक पोचवून परतताना थोडं वळण घेतलं असेल तर किती वळण, यावर वकिलांची घरं चालतात.

आणि काही धंद्यांत काळजी घेतली होती हे सांगूनही भागत नाही. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. भोपाळला वर्ष होऊन गेलं होतं. इंग्लंडच्या १८६८च्या नियमात घातक वस्तू बाळगणाऱ्याला काही सुटकेच्या वाटा होत्या. न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने डिसेंबर १९८६ मध्ये त्या बंद केल्या. घातक उद्योग चालवता, त्यातून नफा कमावता, तर अपघाताचं पूर्ण देणं तुमचं, आणि उद्योग जितका मोठा तितकी भरपाई मोठी. हे तत्त्व ज्या भोपाळच्या सावलीत लिहिलं गेलं, तिथे १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि २०१० मध्ये दोषींना दोन वर्षांची शिक्षा. हजारो झेड होते.

स्वाध्याय (१५ गुण)

मोदक दुपारी दोनला पोचले. खजिनदारांनी काही न बोलता ते उतरवून घेतले आणि तेवीस हजारांचा चेक दिला. डिलिव्हरीचा पोरगा परतताना एका हातगाडीला धडकला. चेक 'पुरेशी शिल्लक नाही' म्हणून परत आला. रात्री झेडच्या पोटात दुखू लागलं. त्याने दुपारी पलीकडच्या मंडळाची मिसळही खाल्ली होती. काकांनी फोन लावलेला आहे. कुणाला कोणती पायरी, कुणाविरुद्ध आणि किती दिवसांत, ते कारणांसह लिहा. काकांना फोन ठेवायला सांगणाऱ्यास पाच गुण जादा. मावशीबद्दल लिहू नये; पुढच्या महिन्यात नवरात्र आहे आणि ती लागणार आहे.